देवयानीचा भोवरा आणि पुण्याची वीस इंची

लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, हे आपण कॅलेंडरात वाचतो आणि विसरून जातो. पणत्या, आकाशकंदील आणि फुलबाज्या यांच्या गडबडीत डोक्यावरच्या आकाशाकडे पाहावयास सवड कोणाला! पण ज्यांना आकाश पाहण्याचा नाद आहे, त्यांच्या दृष्टीने ही रात्र फार मोलाची. पाऊस संपलेला, हवा धुतलेली, थंडी अजून बोचू न लागलेली, आणि चंद्राचा पत्ता नाही. शिवाय नेमक्या याच दिवसांत, रात्री दहा-अकराच्या सुमारास, आपल्या माथ्यावरून थोडे उत्तरेकडे एक अशी वस्तू येते, की नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या वस्तूंत तिच्याहून दूरची वस्तू सर्वसामान्य माणसाला दाखवता येत नाही. ती म्हणजे देवयानीतील सर्पिल दीर्घिका.

सर्पिल म्हणजे भोवऱ्यासारखी, वळसे घेतलेली. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे स्वतंत्र राज्य. आपली आकाशगंगा हीही एक दीर्घिकाच. आपण तिच्या पोटात बसलेलो असल्यामुळे ती आपल्याला पट्ट्यासारखी दिसते, इतकेच.

शोधणे अवघड नाही. माथ्यावर भाद्रपदांचा मोठा चौकोन दिसतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातील ताऱ्यापासून ईशान्येकडे दोन तारे मोजावे. दुसऱ्यापाशी थांबून काटकोनात शर्मिष्ठेच्या बाजूला वळावे आणि दोन मंद तारे चढून जावे. तेथे, दुसऱ्या मंद ताऱ्याच्या शेजारी, काचेवर श्वास सोडल्यावर उमटावा तसा एक धूसर डाग आहे. देवयानी आणि शर्मिष्ठा या आकाशातही शेजारणी आहेत, आणि ययातीही जवळच उभा आहे. ज्याने ही नावे ठेवली त्याला संसाराची चांगली जाण असली पाहिजे.

या डागाची लेखी नोंद इसवी सन ९६४ इतकी जुनी आहे. अल्-सूफी या पर्शियन ज्योतिर्विदाने आपल्या तारकाग्रंथात त्याला लहानसा ढग म्हटले आहे. ढग म्हणजे काय, हे कळावयास पुढे जवळजवळ हजार वर्षे लागली. आणि ते कळण्याच्या वाटेवर जी माणसे भेटतात त्यांत गवंडीकामाचे ठेके घेणारा एक वेल्श गृहस्थ आहे आणि आपल्या पुण्याच्या कॉलेजातला एक पारशी प्रोफेसरही आहे. मी शाळामास्तर, माझी विद्या मॅट्रिकपर्यंतची. गणिताच्या वाटेने मला या ढगाकडे जाता येत नाही. माणसांच्या वाटेने मात्र जाता येते.

डोळा हे इंद्रिय मोठे चलाख, पण त्याला साठवण माहीत नाही. क्षणाच्या लहानशा अंशात जेवढा प्रकाश आला तेवढ्यावर तो निकाल देतो आणि पाटी पुसून टाकतो. म्हणून एखाद्या मंद डागाकडे तुम्ही रात्रभर टक लावून बसलात तरी पहाटे तो संध्याकाळपेक्षा अधिक स्पष्ट दिसत नाही. मोठी दुर्बीण घेतली तर प्रकाश अधिक गोळा होतो, हे खरे. १८४५ साली आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस याने सहा फूट व्यासाच्या आरशाची अजस्र दुर्बीण उभारली आणि सप्तर्षींच्या शेपटाखाली, श्यामशबल तारकासमूहात, एका तेजोमेघाला भोवऱ्यासारखे वळसे आहेत असे प्रथम पाहिले. त्याने त्याचे चित्र काढले. पण चित्र म्हटले की काढणाऱ्याचा हात आला. एकाला वळसा दिसे, दुसऱ्याला नुसता धूर दिसे, आणि दोघेही प्रामाणिक! देवयानीच्या बाबतीत तर अशी गंमत झाली की १८४७ साली अमेरिकेत हार्वर्डच्या बाँड नावाच्या ज्योतिर्विदाला तिच्यात दोन काळ्या, जवळजवळ सरळ रेघा दिसल्या. त्याने त्या तशाच काढल्या. त्या रेघा म्हणजे काय, हे पुढची चाळीस वर्षे कोणाला सांगता आले नाही.

मग कोरड्या काचा आल्या. काचेवर सरसाचा थर, त्यात रुपयाच्या जुन्या नाण्यातल्या त्याच चांदीचे बारीक क्षार. या काचेला डोळ्याची चलाखी नाही, पण साठवण आहे. पावसाळ्यात गळक्या कौलांखाली हंडा ठेवतात ना, तसे. थेंब थेंब पडतो, तो दिसतही नाही, आणि सकाळी हंडा भरलेला असतो. ओल्या काचा काही मिनिटांत वाळून निकामी होत. या कोरड्या काचा कितीही वेळ उघड्या ठेवता येत. लंडनजवळच्या ईलिंगमध्ये अँड्र्यू कॉमन नावाचा एक स्वच्छता-कामांचा इंजिनियर होता. त्याने १८८३ साली आपल्या घरच्या बागेतल्या छत्तीस इंची दुर्बिणीला अशी काच लावून मृगातील तेजोमेघाचे छायाचित्र घेतले, आणि डोळ्याला कधीही न दिसलेले तारे त्या काचेवर उमटले. धंदेवाईक ज्योतिषी पाहतच राहिले.

आणि आता आपला वेल्श गृहस्थ. आयझॅक रॉबर्ट्स, जन्म १८२९. इमारती बांधण्याच्या धंद्यात त्याने पैसा मिळवला आणि उतारवयात तो आकाशावर खर्च केला. लिव्हरपूलजवळ मॅगल येथे त्याने डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून वीस इंची आरशाची दुर्बीण बनवून घेतली आणि तिच्यात डोळा लावण्याच्या ऐवजी थेट आरशाच्या केंद्राशी काच बसवली. हौशी माणूस, ना पदवी, ना पगार. लग्नाचेही वय उलटलेले.

२९ डिसेंबर १८८८ च्या रात्री त्याने देवयानीकडे दुर्बीण वळवून चार तास काच उघडी ठेवली. चार तास म्हणजे काय, ते नीट ध्यानात घ्यावे. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. चार तासांत देवयानी साठ अंश सरकते. त्या सगळ्या वेळात तितक्याच गतीने दुर्बीण मागोमाग फिरली पाहिजे, आणि फिरवणारे यंत्र म्हणजे वजनावर चालणारे घड्याळ! त्यात केसभर चूक झाली तर प्रत्येक ताऱ्याची रेघ होणार. म्हणजे डिसेंबरच्या इंग्रजी थंडीत, उघड्या छपराखाली, हात गारठलेले असताना कोणी तरी एका ताऱ्यावर नजर ठेवून यंत्राला सारखे सांभाळून घेत बसले पाहिजे. मराठीत आपण तपश्चर्या हा शब्द जरा स्वस्त करून टाकला आहे. येथे तो वापरावयास हरकत नाही.

काच धुऊन काढली तेव्हा देवयानीचा ढग ढग राहिला नव्हता. मधे दाट तेज, भोवती कड्यांमागून कडी, आणि बाँडच्या त्या दोन सरळ रेघा म्हणजे दोन वळशांमधील काळोखी फटी! शेजारी तिच्या दोन लहान सोबतिणी. आपण ते चक्र तिरके, जवळजवळ कडेने पाहतो, म्हणून आजवर ते नजरेत भरले नव्हते. लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत रॉबर्ट्सची छायाचित्रे पाहून सभासद थक्क झाले. पुढे १८९५ साली सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले.

पण छायाचित्र बिनचूक असले तरी त्याचे वाचन बिनचूक असतेच असे नाही. रॉबर्ट्सने आणि त्याच्या बरोबरच्या पुष्कळांनी त्या काचेवर काय पाहिले? एक सूर्यमाला जन्मास येत आहे! मधला गोळा म्हणजे होऊ घातलेला सूर्य, कडी म्हणजे ग्रहांचा कच्चा माल, सोबतिणी म्हणजे तयार होत आलेले ग्रह. लाप्लासची उपपत्ती जणू कोणी चित्र काढून सिद्ध केली. त्यातच १८८५ साली देवयानीच्या मध्याजवळ एक नवा तारा चमकून विझला होता. हा ढग फार दूर असता तर एकटा तारा इतका तेजस्वी दिसणे अशक्य, असा त्या वेळचा हिशेब. तारे असे कोट्यवधी सूर्यांच्या तेजाने फुटू शकतात, ही कल्पनाच तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. तेव्हा देवयानी आपल्याच आकाशगंगेतली, आपल्या अंगणातली, असे पुष्कळांचे ठाम मत झाले.

रॉबर्ट्सच्या संसाराविषयी दोन ओळी लिहिल्यावाचून राहवत नाही. १८९६ साली ग्रहण पाहण्यासाठी नॉर्वेला गेलेल्या जहाजावर त्याची डोरोथिया क्लुम्पके या विदुषीशी ओळख झाली. ती पॅरिसच्या वेधशाळेत काम करी. १९०१ साली दोघांचे लग्न झाले. तो बहात्तरीचा, ती चाळिशीची. तीन वर्षांत तो वारला. ती त्याच्या काचांच्या पेट्या घेऊन फ्रान्सला परतली आणि १९२९ साली, पंचवीस वर्षांनंतर, तिने त्याच्या छायाचित्रांचा संग्रह छापून काढला. माणसाचे काम त्याच्या मागे कोणी तरी असे सांभाळावे लागते. पुण्याकडे वळताना ही गोष्ट मनात असू द्यावी.

कारण ज्या १८८८ साली लिव्हरपूलजवळ ती काच उमटली, त्याच साली पुण्यास कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा पुरी झाली. हे कॉलेज म्हणजे आजचे अभियांत्रिकीचे सीओईपी. या वेधशाळेची मुख्य दुर्बीण म्हणून इतिहासाने जिची नोंद ठेवली ती वीस इंची, परावर्तक आणि डब्लिनच्या ग्रबचीच! पुढे कित्येक दशके हिंदुस्थानात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

ही वेधशाळा ज्यांच्यामुळे झाली ते कावसजी दादाभाई नायगमवाला. हे आडनाव वाचताच आम्हा वसईकरांचे कान टवकारतात, कारण खाडीच्या कडेला आमचे नायगाव आहे. पण कानाच्या पुराव्यावर इतिहास लिहू नये. कावसजींचा जन्म १८५७ चा. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते एम्.ए. झाले, सुवर्णपदक मिळवले आणि तेथेच शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १८८४ साली कावसजी विलायतेला गेले, नॉर्मन लॉकियर आणि इतर मोठ्या ज्योतिर्विदांचा सल्ला घेतला आणि वर्णपटाच्या अभ्यासासाठी वेधशाळा उभारावयाची असे ठरवून परतले. पुढे त्यांची बदली पुण्यास झाली, म्हणून वेधशाळाही पुण्यास झाली.

वर्णपट म्हणजे प्रकाशाची झडती. चुलीच्या जाळावर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते, हे आमच्या मिठागरांच्या मुलखात पोरांनाही ठाऊक आहे. प्रत्येक पदार्थ तापला की आपापल्या ठराविक रंगांच्या रेषा टाकतो. लोलकातून ताऱ्याचा प्रकाश पसरून त्या रेषा वाचल्या की तेथे काय जळते आहे ते घरबसल्या कळते. ढगाचे चित्र हे त्याचे रूप झाले. वर्णपट ही त्याची कुंडली. रॉबर्ट्स रूपामागे लागला होता, कावसजी कुंडली मांडत होते.

आणि ती त्यांनी कशी मांडली पाहा. तेजोमेघांच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसते. लॉकियर म्हणत होते की ती मॅग्नेशियमची, म्हणजे तेजोमेघ हे उल्कांचे थवे होत. तसे असते तर ती रेषा एका बाजूला पुसट, पसरलेली दिसावयास हवी. १८९१ साली कावसजींनी पुण्याहून मृगातील तेजोमेघ तपासला आणि लिहून प्रसिद्ध केले, की रेषा प्रत्येक परिस्थितीत रेखीव दिसते. लॉकियर म्हणजे त्यांना वाट दाखवणारा माणूस, त्या काळचे इंग्लंडातले एक बडे प्रस्थ. पण जे दिसले ते दिसले. ती रेषा खरोखर कसली, हे १९२७ साली अमेरिकेत आयरा बोवेनने दाखवले: दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या प्राणवायूची. मॅग्नेशियमचा तेथे काही संबंध नव्हता. मला या माणसाविषयी आदर वाटतो तो मुख्यतः या एका लहानशा टिपणासाठी.

त्याच पुण्यात, त्याच काळात, मॅट्रिक झालेले एक शाळामास्तर आपल्या ज्योतिषाचा समग्र इतिहास मराठीत लिहीत होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, दापोलीजवळच्या मुरुडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला, आणि सामान्य वाचकाला आकाश दाखवणारे ‘ज्योतिर्विलास’ त्यांनी त्याआधीच लिहिले होते. एक मास्तर जुन्या ग्रंथांतले आकाश मोजतो आहे, एक प्रोफेसर लोलकातून नवे आकाश वाचतो आहे. पुणे शहराचा तो काळ आपण सभा, प्लेग आणि खटले यांनीच ओळखतो. ते सगळे खरेच आहे; पण हेही त्याच शहरात चालले होते.

२२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण तर कोकणच्या किनाऱ्यावर लागून देशावरून विदर्भाकडे गेले. लॉकियर आपले पथक घेऊन विजयदुर्गच्या किल्ल्यावर उतरले. कावसजींनी सोलापूरच्या वाटेवरील जेऊर गाठले. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि जपानचे पथक हेही जेऊरलाच. खग्रास अवस्था दोन मिनिटांची! करमाळ्याच्या माळावर तिकडे इतकी यंत्रे यापूर्वी कधी आली नसतील. कावसजींनी सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट घेतले व त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली प्रसिद्ध केला.

आता एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. तोच व्यास, तोच कारखाना. शिवाय पुण्याचे आकाश लिव्हरपूलच्या धुकट आकाशाहून निश्चित चांगले, आणि देवयानी पुण्यात माथ्याजवळून जाते. मग तो भोवरा पुण्यात का उमटला नाही? सरळ उत्तर असे, की पुण्याची वेधशाळा त्यासाठी बांधलीच नव्हती. त्यात मला कमीपणा वाटत नाही. उलट देवयानीचे कोडे सोडवण्याच्या कामी वर्णपटानेच आधी खरी दिशा दाखवली. १८६४ सालीच इंग्लंडच्या हगिन्सला दिसले होते की काही तेजोमेघ वायूसारख्या सुट्या रेषा देतात, देवयानी मात्र ताऱ्यासारखा अखंड पट्टा देते. १८९९ साली जर्मनीत पॉट्सडॅमला शाइनरने साडेसात तास काच उघडी ठेवून तिचा वर्णपट छापून घेतला आणि स्पष्ट म्हटले, की हा ताऱ्यांचा समूह आहे. कुंडली खरे बोलत होती. पण लोक रूपावर भुलले होते.

खरी खंत निराळी आहे. रॉबर्ट्सला कोणाला विचारावयाचे नव्हते. पैसा त्याचा, रात्र त्याची, दुर्बीण त्याची. कावसजींची वेधशाळा महाराजांच्या देणगीवर आणि सरकारच्या मर्जीवर उभी, कॉलेजच्या आवारात, आणि खरे पाहता एकाच माणसाच्या खांद्यावर. १८९९ साली कोडईकनालला सरकारी सौर वेधशाळा निघाली होती. १९१२ साली कावसजी निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही निवृत्त झाली! यंत्रे पेट्यांत भरून कोडईकनालला रवाना झाली. चोवीस वर्षांत तेथे दुसरा माणूस तयार झाला नाही, किंवा होऊ दिला गेला नाही. मी शाळेत शिकवतो, म्हणून मला हे अधिक लागते. एखादा शिक्षक निवृत्त झाला म्हणून शाळेला कुलूप घातले असे कोणी ऐकले आहे काय?

देवयानीचा निकाल शेवटी कॅलिफोर्नियात लागला. ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर एडविन हबलने घेतलेल्या काचेवर एक तारा सापडला, जो ठराविक दिवसांनी उजळतो आणि मंदावतो. अशा ताऱ्याच्या चढउताराच्या मुदतीवरून त्याचे खरे तेज कळते, आणि खऱ्या तेजावरून अंतर. हबलचे गणित आले सुमारे ९ लाख प्रकाशवर्षे. १ जानेवारी १९२५ रोजी हा निष्कर्ष वॉशिंग्टनच्या सभेत वाचला गेला. ढग आपल्या अंगणातला नव्हता. तो दुसरे अंगण होता. पुढे १९५२ साली बाडेने मापाची दुरुस्ती केली आणि आज आपण ते अंतर २५ लाख प्रकाशवर्षे धरतो. कावसजी १९३८ पर्यंत हयात होते.

या सगळ्या गोष्टींत मी शिरलो तो आमच्या पापडीतल्या एका मुलामुळे. मुलगा म्हणजे आता तिशीचा. माझ्या हाताखालून गेलेला. दिवसा मुंबईला बँकेत असतो, लोकलने जातो-येतो. वाडीतल्या घराच्या गच्चीवर त्याने सहा इंची आरशाची दुर्बीण ठेवली आहे. त्याची आई म्हणते, “सर, ह्याच्या यंत्राला एक खोली लागते. उद्या सून आणली तर तिला कुठे ठेवू?”

त्याचे काम मी दोनदा जवळ बसून पाहिले. दुर्बिणीचा कणा आधी ध्रुवाकडे लावावा लागतो, म्हणजे पृथ्वी फिरते त्याच्या उलट ती बरोबर फिरते. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर. आणि पापडीहून उत्तरेला नालासोपारा आणि विरार! तिकडच्या दिव्यांचा नारिंगी-पांढरा झाक आकाशात इतका वर चढतो, की ध्रुव चाचपडत शोधावा लागतो. देवयानीही त्याच बाजूला कललेली. मी लहान असताना याच वाडीतून आकाशगंगेचा पट्टा समुद्रापर्यंत उतरलेला दिसे. माझ्या वर्गातल्या मुलांपैकी एकानेही तो पाहिलेला नाही. विचारले तर ती मोबाइलमधले चित्र दाखवतात. आणि लक्ष्मीपूजनाची ती सोन्यासारखी काळी रात्र? त्या रात्री तर धुराने गच्चीवर श्वास घेववत नाही. म्हणून हा पठ्ठ्या कार्तिक किंवा मार्गशीर्षाच्या अमावास्येला सुटी टाकतो, मित्राच्या गाडीत दुर्बीण घालतो आणि जव्हारकडच्या एका पाड्यावर जातो.

“किती वेळ उघडी ठेवतोस रे?” मी विचारले.

“एकेक मिनिट, सर. पण असे दोनशे वेळा.”

त्याने समजावून सांगितले ते असे. आता काच नाही. कॅमेऱ्यात सिलिकॉनची चकती आहे, आणि ती आलेल्या प्रकाशाचे कण जवळजवळ मोजून घेते. घड्याळाऐवजी बारीक मोटर आहे. चार तास एक सलग चित्र घेण्यात धोका फार. वारा आला, विमान गेले की सगळे वाया. म्हणून एकेका मिनिटाची दोनशे चित्रे घ्यावयाची, बिघडलेली पन्नास फेकून द्यावयाची आणि उरलेली संगणकात एकावर एक अचूक बसवावयाची. यंत्राची खरखर दर चित्रात निराळ्या जागी असते, ती एकमेकींना मारते. देवयानी दर चित्रात त्याच जागी असते, ती उजळत जाते. एका चित्रात दिसतो तो अल्-सूफीचा ढग. दीडशे चित्रे चढली की रॉबर्ट्सचा भोवरा.

मी त्याला रॉबर्ट्सची १८८८ ची काच पुस्तकात दाखवली. बराच वेळ तो गप्प पाहत होता. मग म्हणाला, “सर, माझा फोटो ह्याच्यापेक्षा बरा आहे. पण मला काय दिसणार ते आधी माहीत होते.”

त्याच्यासारखे आता एकटे नाहीत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे. हौशी आकाशप्रेमींची ही देशातील सर्वांत जुनी संस्था. मुंबईचे खगोल मंडळ १९८५ चे. त्यांच्या वांगणी-नेरळच्या रात्रींना मास्तर, कारकून, कॉलेजची मुले, आजीआजोबा असे सगळे चटया घेऊन जातात. काही हौशी तर आपला आरसा आपणच घासतात. काचेच्या दोन चकत्या, मधे कुरुंदाची पूड आणि पाणी, आणि कित्येक दिवस हाताने घासणे. वरच्या चकतीला आपोआप खळगा पडत जातो आणि शेवटी डांबरासारख्या राळेवर तो चकचकीत केला जातो. कावसजींच्या पुण्यात जे नव्हते ते हेच. महाराज होते, सरकार होते, प्रोफेसर होते. पण प्रोफेसर घरी गेल्यावर दुर्बिणीशी येऊन बसणारी माणसे नव्हती.

कावसजींची वीस इंची मात्र अजून बरीच हिंडली. कोडईकनालला ती भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली. १९८० च्या दशकात तिला थेट लडाखमध्ये लेहला नेले. हिमालयात नवी वेधशाळा कोठे बांधावी याची चाचपणी करण्यासाठी तेथल्या आकाशाची परीक्षा घ्यावयाची होती. पुण्याच्या कॉलेजच्या आवारातून निघालेला आरसा लेहच्या थंडीत उभा राहिला!

आणि पुण्याचे म्हणाल, तर कॉलेजपासून दोन-तीन मैलांवर, गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात आज राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. तेथील राशी जैन आणि योगेश वाडदेकर हे दोघे जेम्स वेब या अवकाशातील दुर्बिणीने घेतलेली चित्रे चाळत होते. तिचा आरसा साडेसहा मीटरचा, म्हणजे अडीचशे इंचांहून अधिक. आणि ती पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर. त्या चित्रांत त्यांना एक बारीक, रेखीव, दोन हातांची सर्पिल दीर्घिका दिसली. तिचा प्रकाश आपल्याकडे येण्यास सुमारे १२०० कोटी वर्षे लागली आहेत. म्हणजे तो निघाला तेव्हा विश्वाला जन्मून जेमतेम १५० कोटी वर्षे झाली होती. एवढ्या लवकर असे घोटीव वळसे तयार होऊच शकत नाहीत, अशी बहुतेकांची समजूत होती. आणि ही तर तीस हजार प्रकाशवर्षे रुंद, पूर्ण घडलेली, वर्षाला साठ सूर्यांएवढे नवे तारे घडवणारी! मधे असलेल्या एका दीर्घिका-समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केले आणि ती दुप्पट उजळ दिसली, हेही एक नशीब.

हा शोध २०२५ साली प्रसिद्ध झाला. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. हिमालयात मंदाकिनी रुद्रप्रयागला ज्या नदीला मिळते, त्या बहिणीचे नाव त्यांनी या दीर्घिकेला दिले आहे: अलकनंदा.